हाय-फ्लेक्स गुडघा बसवला तर आईला पुन्हा मांडी घालता येईल का?

राजापूरकडे आईला पाटावर बसून जेवायची, उकिडवं बसून लावणी करायची सवय, म्हणून गुडघा बदलताना हाय-फ्लेक्स सांधा (जास्त वाकावा म्हणून बनवलेला कृत्रिम गुडघा) घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: नुसत्या त्या आशेवर घेऊ नका. नेहमीचा सांधा आणि हाय-फ्लेक्स यांची तुलना करणाऱ्या चाचण्यांत वाकण्यात फारसा फरक दिसलेला नाही. शस्त्रक्रियेनंतर गुडघा किती वाकेल हे मुख्यतः ठरतं ते आधी तो किती वाकत होता त्यावर. म्हणून आज आईंचा पाय किती दुमडतो ते डॉक्टरांना मोजायला सांगा.

शस्त्रक्रियेनंतर गुडघा साधारण ११० ते १२० अंश वाकतो. खुर्ची, जिना, एसटीची पायरी निभावते. पूर्ण उकिडवं बसायला जास्त लागतं.

किमतीचं म्हणाल, तर ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कमाल दर ठरवले तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोम धातूच्या सांध्याला ५४,७२० आणि हाय-फ्लेक्सला ५६,४९० रुपये होते, जीएसटी वेगळा. म्हणजे तेव्हा फरक दोन हजारांच्या आतच होता! कुणी लाखभर जास्त सांगितले तर बिलात सांध्याची किंमत वेगळी मागा.

टिकण्याची काळजी नको. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या २०१९ च्या अभ्यासात पूर्ण बदललेले सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षं टिकल्याचं दिसलं. खरी धास्ती जंतुसंसर्गाची. मधुमेह असेल तर साखर आधी ताब्यात आणा, दुखरे दात दाखवून घ्या. आणि घरी कमोड आत्ताच बसवा.