‘एंटरप्राइझ’मध्ये बक्षीस नाही

सांगलीच्या एका वाचकाने विचारले आहे की, मार्केट यार्डापासून कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत पाटीपाटीवर दिसणाऱ्या ‘एंटरप्रायझेस’चा मूळ अर्थ काय, आणि त्याला मराठीत ‘साहस’ म्हणावे काय. व्यवसायसंस्था हा अर्थ सर्वांना ठाऊक असल्यामुळे त्यावर शाई खर्च करीत नाही. ‘एंटर’ म्हणजे शिरणे, ‘प्राइझ’ म्हणजे बक्षीस, म्हणून बक्षिसासाठी धंद्यात शिरणे, ही उद्योजकता शिबिरांतून वारंवार ऐकू येणारी फोड मात्र आता थांबवावी.

मूळ शब्द जुन्या फ्रेंचमधील ‘आंत्रप्रांद्र’ हे क्रियापद होय. त्यातील ‘आंत्र’ लॅटिन ‘इंतर’पासून आले असून ते संस्कृत ‘अन्तर्’चे भावंड आहे (अपत्य नव्हे, हे पुन्हा बजावतो). ‘प्रांद्र’ म्हणजे धरणे, घेणे, लॅटिनमध्ये ‘प्रेहेंदेरे’. काही विद्वान येथेही संस्कृत ‘ग्रह्’ शोधतात; परंतु त्याचे वैदिक रूप ‘ग्रभ्’ आहे आणि त्यातल्या भकाराचा लॅटिन शब्दात मागमूसही नाही, ही अडचण ते सोयीस्करपणे विसरतात. दोन्ही मिळून अर्थ झाला हाती घेणे, आणि तो विशेषतः जोखमीच्या कामगिरीला लावला जाऊ लागला.

खरी गंमत ‘प्रेहेंदेरे’च्या इतर वंशजांत आहे. शत्रूचे पकडलेले जहाज या अर्थाचा ‘प्राइझ’ याच कुळातला. बक्षीस या अर्थाचा ‘प्राइझ’ निराळा, तो ‘प्राइस’च्या म्हणजे किमतीच्या घरातला. अवचित गाठणारे ‘सरप्राइझ’ मात्र ‘प्रेहेंदेरे’च्याच कुळातले आणि धरून ठेवणारे ‘प्रिझन’ही. तेव्हा १९४३ मध्ये वसंतदादा पाटील व त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगलीचा तुरुंग फोडला, त्या वेळी ‘एंटरप्राइझ’ने आपल्याच भावकीचा दरवाजा मोडला, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही.

‘साहस’ हा प्रतिशब्द कोशांत कितीही वेळा छापला गेला असला, तरी मला तो मान्य नाही. ‘सहस्’ म्हणजे बळ. धर्मशास्त्रात ‘साहस’ हा बळजोरीचा गुन्हा असून मनुस्मृतीत २५०, ५०० व १००० पणांच्या (पण म्हणजे तेव्हाचे नाणे) दंडांना अनुक्रमे प्रथम, मध्यम व उत्तम साहस अशी नावे आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर कारखान्याची वसाहत उभारायला घेतली, त्या कामाला दंडाचे नाव कशासाठी? ‘उद्यम’ घ्यावा. त्यातला ‘यम्’ हा धातूही धरण्याचाच आहे, आणि ‘उद्’ लागल्यावर तो उचलून धरणे, हाती घेणे असा अर्थ देतो. केंद्र सरकारने २०२० मध्ये लघुउद्योगांच्या नोंदणीला हेच नाव दिल्यामुळे, ‘एंटरप्रायझेस’ची पाटी लावणाऱ्या कित्येकांच्या कपाटात ‘उद्यम’चे प्रमाणपत्र आधीच पडून आहे.