भाचा म्हणतो लिनक्स घाल, दुकानदार म्हणतो नवीन घे

प्रश्न : माझं फोंड्यात छोटं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, देवळांच्या उत्सवाच्या पत्रिका, जत्रेतल्या नाटकांच्या संहिता टाइप करून देणं, गेली अठरा वर्षं हेच चाललंय. मशीन २०१६ चं, आय-थ्री सिक्स्थ जनरेशन, ४ जीबी रॅम, साधी हार्डडिस्क, विंडोज टेन. काम सगळं श्रीलिपी (मराठी टायपिंग), पेजमेकर (पानं लावणं) आणि कोरल (डिझाइन) यांच्यावर. आता स्क्रीनवर सारखं येतंय की विंडोज टेनचा सपोर्ट संपला. ज्याच्याकडून मशीन घेतलं तो म्हणतो याच्यावर विंडोज इलेव्हन चालणार नाही, नवीनच घ्या. बहिणीचा मुलगा म्हणतो मामा पैसे फुकट घालवू नको, रविवारी येतो आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट घालून देतो. घालू द्यावं का? जत्रांचा सीझन डोक्यावर आहे.

उत्तर : रविवारी भाच्याला येऊ द्या, चांगलं हुमण-भात जेवू घाला, पण दुकानाच्या मशीनला हात लावू देऊ नका. निदान हा सीझन संपेपर्यंत तरी नाही.

तुमचा दुकानदार अर्धा बरोबर आहे. इलेव्हनसाठी मायक्रोसॉफ्टने जी यादी केलीय तिच्यात इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचे आहेत आणि टीपीएम २.० ही सिक्युरिटीची चिप लागते, त्यात तुमचं सहावं बसत नाही. जुगाड करून घालणारे आहेत, पण मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेटची हमी देत नाही, मग उपयोग काय. पण 'नवीनच घ्या' हे काही खरं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला टेनचे नेहमीचे सिक्युरिटी अपडेट थांबले एवढंच, मशीन काही बंद पडलेलं नाही, आणि घरगुती वापराच्या टेनसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सिक्युरिटी अपडेट घ्यायची सोय ठेवलीय. टेनची आवृत्ती २२एच२ असेल तर सेटिंगमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर एनरोलची लिंक दिसते, मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला की पैसेही पडत नाहीत. म्हणजे हा सीझन आरामात निघतो.

भाचाही अर्धा बरोबर. मिंट फुकट आहे, ४ जीबीत बरं चालतं, त्यातली एक्सएफसीई आवृत्ती तर अगदीच हलकी, आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. पोरगा हुशार आहे यात वाद नाही, फक्त मामा दिवसभर दुकानात नेमकं काय करतो हे त्याने कधी शेजारी बसून बघितलेलं दिसत नाही! श्रीलिपी, पेजमेकर, कोरल, तुमची तिन्ही विंडोजवरची, लिनक्ससाठी येत नाहीत. लिनक्सवर वाइन नावाचं एक प्रकरण आहे, त्यातून विंडोजची काही सॉफ्टवेअर चालतात, पण ज्यांना यूएसबीचं लॉक म्हणजे डोंगल लागतं ती बहुतेक तिथे अडतात, आणि तुमची श्रीलिपी जुनी असेल तर मागे बहुधा डोंगल लावलेलं असेल, हात घालून बघा. लिनक्सच्या आत व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर, करून त्यात विंडोज ठेवता येतं, पण ४ जीबी रॅममध्ये दोघांचं भागायचं नाही.

आता खरी काळजी. तुमची अठरा वर्षांची टायपिंग कुठे अडकलीय ते बघा. जुन्या श्रीलिपीच्या फॉन्टात तुम्ही 'श्री' टाइप करता तेव्हा फाइलमध्ये मराठी अक्षर जातच नाही, जातात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, त्यांच्यावर मराठी चित्र चढवायचं काम फॉन्ट करतो. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर एखादी जुनी उत्सवाची पत्रिका उघडून बघा, वर 'प्रसन्न' असायला हवं तिथे डॉलर, कंस, उलटं प्रश्नचिन्ह आणि दोनचार इंग्रजी अक्षरांचा असा काही काला झालेला दिसतो की गोपाळसुद्धा हात लावणार नाहीत. मशीन बदला, नवीन विंडोज घ्या, लिनक्स घाला, ही अडचण तशीच राहणार. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. म्हणजे आज ना उद्या त्या फाइली सोडवाव्या लागणारच आहेत, तर त्या सोडवायचं काम आतापासून करा.

सगळ्या नकोत. दरवर्षी परत मागतात अशा दहावीस संहिता, आरत्या, देवळांच्या पत्रिकांचे ठरलेले मजकूर, एवढंच आधी घ्या. प्रत्येकाची आधी पीडीएफ करून ठेवा, म्हणजे मूळ कसं दिसत होतं ते हातात राहतं. मग मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, म्हणजे फाइलमध्ये खरीच मराठी अक्षरं जातात. आणि मग वाचा, ओळ अन् ओळ, कारण कन्व्हर्टर हमखास चुकतो. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार अक्षरानंतर, युनिकोडमध्ये दोन्ही नेमकं उलट, त्यामुळे साधं 'कमल' बरोबर येतं पण 'स्थिती', 'कीर्ती', 'दर्शनार्थी' अशा शब्दांत वेलांटी नाहीतर रफार भलत्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. नाटकाच्या संहितेत हे राहून गेलं तर तालमीत नट जे वाचेल ते तुमच्या नावावर! पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा रोज एक तास काढलात तर होऊन जाईल.

मग लिनक्स नकोच का? हवं की, पण काउंटरवर. झेरॉक्सच्या दुकानाला सगळ्यात मोठा धोका इंटरनेटपेक्षा गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हचा असतो, दिवसाला वीस अनोळखी पेनड्राइव्ह त्याच मशीनला लागतात ज्याच्यात तुमची अठरा वर्षं आहेत. घरी किंवा कुणाकडे जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला असेल तर भाच्याला सांगा, रविवारी त्याच्यावर मिंट घाल. पेनड्राइव्ह, व्हॉट्सॲप वेब, ईमेल, ऑनलाइन फॉर्म, प्रिंट काढणं हे सगळं तिथे. फोल्डरांचे शॉर्टकट करून टाकणारे ते विंडोजचे व्हायरस तिथे चालतच नाहीत. डीटीपीच्या मशीनला नेट कमीत कमी, २०२६ च्या ऑक्टोबरनंतर तर अजिबात नाही. नवीन मशीनच्या वाचलेल्या पैशात त्याला एक एसएसडी (साध्या हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क) आणि ८ जीबी रॅम घाला, चहा पिऊन येईपर्यंत कोरल उघडायचं ते झटक्यात उघडेल.

काउंटरवर घालण्याआधी एक करा, मिंटचा पेनड्राइव्ह बनवून इन्स्टॉल न करताच मशीन त्याच्यावर चालू करा आणि तुमचा प्रिंटर लावून एक पान काढून बघा. एचपीचे बरेच प्रिंटर विनातक्रार चालतात. पण बऱ्याच झेरॉक्सच्या दुकानांत दिसतो तो कॅननचा एलबीपी २९०० असेल तर त्याचा लिनक्सवरचा ड्रायव्हर जुना आहे, बसवताना अर्धा दिवस जातो, भाच्याला आधीच सांगून ठेवा. आणि इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क' असा एक पर्याय येतो, तो डिस्कच्या सगळ्या पार्टिशन पुसतो, फक्त सी ड्राइव्ह नव्हे. हे मला माहीत आहे कारण मी माझ्या भावोजींच्या मशीनवर तेच केलं, त्यांच्या डी ड्राइव्हमध्ये मुंजीचे फोटो होते. बहीण अजून विषय काढते.

प्रश्न : मी साखळीची, निवृत्त शिक्षिका. जुना लॅपटॉप आहे, फार स्लो झालाय. मी फक्त पेपर वाचते, यूट्यूबवर कीर्तनं ऐकते, बँकेचं बघते आणि मराठीत लेख लिहिते. मलाही तोच मेसेज येतो. माझ्या वयात नवीन शिकायला जमेल?

उत्तर : बाई, तुम्ही खुशाल बदला, विंडोज काढून मिंट घाला. तुमचं सगळं काम ब्राउजरमध्ये आहे, आणि फायरफॉक्स विंडोजवरही तोच, मिंटवरही तोच. हयातीच्या दाखल्यासाठी लॅपटॉप लागतच नाही, मोबाइलवर चेहरा दाखवून निघतो. राहिलं मराठी टायपिंग. मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट हा सरकारी लेआउटही आहे आणि 'मराठी कागपा' म्हणून उच्चारावर चालणारा लेआउटही आहे, दोन दिवस बोटं अडखळतील, मग बसतं. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी तपासा, 'वाऱ्यावर' आणि 'दऱ्या' लिहून बघा, तो ऱ्या नीट आला की निम्मं काम झालं. लिब्रेऑफिसमध्ये (मिंटमधलं वर्डसारखं सॉफ्टवेअर) मजकुराची भाषा मराठी अशी निवडायला विसरू नका, नोटो किंवा लोहितसारख्या फॉन्टात मग ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात, नाहीतर हिंदी पुस्तकातले वाटतात आणि तुमच्यासारख्यांना ते खटकणारच. लेख कुणाला पाठवताना वर्डच्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करा. घालून द्यायला मात्र कुणाला तरी घरी बोलवा, फोनवर विचारून करू नका, आणि त्या दिवशी वीज जाणार अशी सूचना पेपरात नाही ना ते बघून घ्या.

प्रश्न : मुलीला फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला ॲडमिशन मिळालीय. तिला मॅकच हवा. घेऊ का? (एक आई, म्हापसा)

उत्तर : मेकॅनिकलला नको. डिझाइनसाठी खूप ठिकाणी लागतं ते सॉलिडवर्क्स विंडोजचंच आहे, आणि ॲपलने २०२० पासून स्वतःच्या चिपवर मॅक काढायला सुरुवात केल्यापासून त्यात ॲपलच्याच बूट कॅम्प नावाच्या सॉफ्टवेअरने विंडोज घालायची सोय राहिलेली नाही. ऑटोकॅड मॅकवर मिळतं हे ती सांगेलच, खरं आहे ते. तिला सांगा, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या चार पोरांना लॅबमध्ये काय वापरता ते विचारून ये. कॉम्प्युटरला गेली असती तर मी तिच्या बाजूने तुमच्याशी भांडलो असतो.