कोविडनंतर तरुण मंडळी ‘रिव्हेंज ट्रॅव्हल’ म्हणून, म्हणजे घरात कोंडल्याचा वचपा काढायला, खरंच जास्त फिरायला लागली का?

जास्त की कमी ते मोजायला मी बसलेलो नाही. पण तुम्ही प्रश्नात ‘रिव्हेंज ट्रॅव्हल’ म्हटलंय आणि त्या शब्दानं माझं डोकं फिरतं. जुलै 2021 मधली मनालीची गर्दी, गोव्यात लॅपटॉप उघडून बसलेले आयटीवाले, हे सगळ्यांनी पाहिलं. ती गाडी-विमानवाली मंडळी. आम्ही डोंबिवली-कल्याणची पोरं फिरायचो लोकल आणि एसटीनं. ती दोन्ही हातची गेली आणि परत मिळेपर्यंत सवयच मोडली. फरक पडला तो इथे.

आमची पद्धत ठरलेली. शनिवारी रात्री शेवटची कसारा लोकल, फलाटावर सॅक उशाला घेऊन तास-दोन तास आडवं व्हायचं, उजाडायच्या आत जीपवाल्याशी घासाघीस करून घोटी, पुढे मिळेल त्या एसटीनं बारी, म्हणजे कळसूबाईच्या पायथ्याचं गाव. कोण कोण येणार हे गाडी सुटेपर्यंत कुणालाच माहीत नसायचं.

मार्च 2020 मध्ये लोकल बंद पडली. सामान्य माणसाला ती उघडली 1 फेब्रुवारी 2021 ला, तीही वेळ बांधून: सकाळी 7 पर्यंत, दुपारी 12 ते 4 आणि रात्री 9 नंतर. ऑफिसला जाणाऱ्यांनी शिव्या घातल्या. मी आणि माझा ट्रेकचा जोडीदार मात्र खूश, कारण शेवटची कसारा बरोबर वेळेत बसत होती. पहिल्याच शनिवारी निघालो. कळसूबाई. 1646 मीटर, शिड्यांवर आम्ही दोघंच, समोर अलंग-मदन-कुलंग हे तीन किल्ले अगदी हाताला लागतील असे. खाली उतरलो तर बारीतल्या मावशींनी पिठलं-भाकरीची ताटं ओट्यावर ठेवली आणि चार पावलं मागे सरून उभ्या राहिल्या. पदर नाकाला. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाल्या, “एवढ्या लांबून काय बोलायचं रे पोरांनो,” आणि येऊन पायरीवर बसल्या. दहा-अकरा महिन्यांत त्यांच्याकडे मुंबईचं कुणी जेवलं नव्हतं.

परत कसाऱ्याला पोचलो साडेपाचला. दुपारची वेळ हुकलेली. तिकीट खिडकीतला माणूस म्हणाला, नऊला या. साडेतीन तास स्टेशनबाहेर बसलो आणि तिथेच सगळा घोळ झाला. जोडीदार म्हणाला, “लोकल नाही, एसटीचा भरवसा नाही, पण घरात कोंडलेल्या पोरांना बाहेर पडायचंय. आपण बस काढली तर?” मी म्हणालो, “काढ. उद्या शिखरावर टोकनही वाट.” तो हसला नाही. आजवर ते वाक्य मला ऐकवतो.

एप्रिलमध्ये लोकल परत बंद. 15 ऑगस्टला उघडली ती दोन डोस घेऊन 14 दिवस झालेल्यांना. आता हिशेब करा. 18 ते 44 वयाचं लसीकरण सुरू झालं 1 मेला, लस मिळता मिळेना, त्यात कोविशील्डच्या दोन डोसांत 84 दिवस. आमच्या घरात बाबांना पास मिळाला, मला नाही! बहुतेक घरांत हेच चित्र. लोकल सगळ्यात शेवटी कुणाला मिळाली असेल तर तरुणांना. ऑक्टोबर संपता संपता एसटीचा संप सुरू झाला तो एप्रिल 2022 पर्यंत चालला. या दोन वर्षांत जे कॉलेजात गेले त्यांना कसारा लोकल ही फिरायची वस्तू आहे हे सांगायलाच कुणी नव्हतं. त्यांना मोबाईलवर दिसली ती जोडीदाराची बस. डोंबिवलीहून बसा, कल्याणला बसा, नाश्ता, जेवण, लीडर, फोटो, सगळं एका रकमेत.

2022 च्या पावसाळ्यात मी त्याच्याच बसनं गेलो, मदतीला म्हणून. शिडीखाली दीड तास रांग. टोकनच तेवढं नव्हतं. मावशींचं घर गल्लीच्या टोकाला, बस तिकडे वळत नाही. म्हणून 50-50 ताटांची ऑर्डर जाते रस्त्यालगतच्या मोठ्या अंगणवाल्याकडे, आणि मावशी त्याला मोजून भाकऱ्या थापून देतात. जोडीदाराचं म्हणणं, “पैसे मिळतात ना त्यांना? तुझ्या काळात रविवारी चार डोकी जेवायची.” चार डोकी जेवायची, पण त्यांच्या ओट्यावर जेवायची. हे त्याला पटत नाही आणि मला सोडवत नाही.

आता, मीही काही साव नाही. 2021 मध्ये मीसुद्धा बाईक घेतली आणि वर्षभर एसटी स्टँडचं तोंड पाहिलं नाही. दुसरं, माझी धाकटी बहीण. तिला शेवटच्या कसाऱ्यानं आईनं जन्मात पाठवलं नसतं. बसनं ती आतापर्यंत अकरा किल्ले करून आली. मार्च 2023 पासून बायकांना एसटी अर्ध्या तिकिटात आहे, हे मी तिला दहादा सांगितलं. ती म्हणते, “दादा, अर्ध्या तिकिटात बारी येईल, पण पहाटे तीन वाजता कसाऱ्याला माझ्यासोबत कोण बसणार?” याला माझ्याकडे उत्तर नाही. जोडीदाराला हे कळवू नका.

तुम्ही तरुण असाल आणि जमण्यासारखं असेल, तर एक शनिवार असा काढा. शेवटची कसारा, मग जीप, एसटी, आणि जेवण गल्लीच्या टोकाला. तिकिटं टाकू नका, जीपवाल्यानं सीटचे किती घेतले तेही लिहून ठेवा. अख्खा ट्रेक अजूनही बसच्या निम्म्या पैशात होतो असं मी म्हणतो, तो म्हणतो होत नाही. ताजा हिशेब मला कळवा, एकाला दाखवायचाय.