सोलापुरात जुन्या घडीच्या चाकूंच्या जाहिराती जमवायच्या तर सुरुवात कुठून करू? अस्सल कसं ओळखू?

सुरुवात चाकूपासूनच करा, जाहिरातीच्या पाटीपासून नको. पूर्वी कंपन्या आपलं नाव मुठीवर छापून गिऱ्हाइकांना छोटे चाकू भेट द्यायच्या. हा चाकू म्हणजेच जाहिरात, आणि तो पाटीपेक्षा स्वस्त पडतो. गड्ड्याच्या यात्रेत भंगार-मोडीवाले बसले की टोपल्या शांतपणे चाळा. जुन्या कटलरीच्या दुकानात माळ्यावर काही पडलंय का, तेही विचारा.

पातं उघडून मुळाशी भिंग धरा. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स या चाकू कंपनीची खूण चांदणी आणि माल्टीज क्रूस (टोकांकडे रुंद होणारा क्रूस). व्हिक्टोरिनॉक्स या स्विस चाकू कंपनीचं हे नाव १९२१चं, त्यामुळे ते नाव असलेला चाकू त्याआधीचा म्हणून कोणी विकत असेल तर सरळ पुढे चला.

एनॅमलच्या पाटीवर बोट फिरवा. खऱ्या पाटीवर रंगाचे थर भट्टीत भाजलेले असतात, अक्षराच्या कडेला बारीक उंचवटा लागतो. नकली पाटी सपाट लागते आणि गंज सगळीकडे सारखाच, रंगवल्यासारखा दिसतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. सेल्युलॉइडच्या, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकच्या, मुठीचा चाकू कागदी जाहिरातींसोबत एका डब्यात ठेवू नका. जुनं सेल्युलॉइड कुजताना आम्लाची वाफ सोडतं. माझं एक सुंदर छापील कार्ड त्यानेच तपकिरी पडलं, शेजारच्या पात्यालाही गंज चढला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे आणखी लवकर होतं, म्हणून पत्र्याच्या कपाटापेक्षा घरातली गार, हवेशीर जागा बघा. आणि कागदाला लॅमिनेशन कधीच करू नका.