एकच गुन्हा, दोन पोरं

नवीन परिवीक्षा अधिकारी (कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलांची चौकशी आणि देखरेख करणारी प्रोबेशन ऑफिसर) झालीस, तर आधी एक सवय मोड: कलम बघून पोराचा अंदाज बांधायची. सामाजिक तपासणी अहवालाला (पोराचं घर, शाळा, परिस्थिती यांची माहिती) 15 दिवस मिळतात, ते पोराच्या घरी जाण्यात घालव, टेबलावर नको.

माझ्याकडे एकाच मोटारसायकल चोरीत दोघं आले होते. एकाच्या बाहीला सोल्युशनचा (नशेसाठी हुंगतात तो चिकट द्रव) वास, नाकाखाली फोड. घरी सावत्र बाप, मार, सातवीतच शाळा सुटलेली. त्याला आधी व्यसनमुक्ती हवी होती; उपदेश नंतर. दुसरा दहावीचा, आई दोन वेळा बाल न्याय मंडळात (अशा मुलांची प्रकरणं चालतात तिथे) रडून गेलेली. तो फक्त मोठ्या पोरांसोबत मागे बसला होता. त्याला निरीक्षणगृहात (चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथे) महिनाभर ठेवलं असतं, तर तिथलेच मित्र घेऊन बाहेर आला असता. तो घरी राहिला, शाळाही चालू राहिली.

वैयक्तिक काळजी आराखडा, म्हणजे त्या एका मुलासाठी पुढे काय करायचं याची योजना, म्हणूनच कॉपी-पेस्ट करायचा नसतो (आणि सगळे करतात, हे मलाही माहीत आहे). मुलींच्या बाबतीत तर अजून जपून: कित्येकदा घरातून पळण्यामागे घरातलंच कुणीतरी असतं. ते आईसमोर विचारू नकोस.