ओकलंडचं जुनं स्टेडियम सोडलेल्या ए'ज (अॅथलेटिक्स) या अमेरिकी बेसबॉल संघाने 2024 च्या हिवाळ्यात एवढा पैसा का खर्च केला?

मुख्य कारण महसूल-वाटपाचा नियम. लहान बाजारपेठेतल्या संघांना लीगकडून (मेजर लीग बेसबॉल) सामायिक महसुलातला वाटा मिळतो. पगारांवरचा खर्च त्या वाट्याच्या दीडपटीपेक्षा कमी राहिला, तर खेळाडू संघटना तक्रार करू शकते आणि पैसा खेळासाठीच वापरला हे संघाला सिद्ध करावं लागतं. ए'जचा वाटा टप्प्याटप्प्याने वाढत 2025 मध्ये पूर्ण होणार होता. बातम्यांतल्या अंदाजानुसार पगारखर्च साधारण 10.5 कोटी डॉलरपर्यंत न्यावा लागणार होता.

म्हणून पिचर (चेंडू फेकणारा) लुईस सेव्हरिनोला 3 वर्षांसाठी 6.7 कोटी, फलंदाज ब्रेंट रूकरला 5 वर्षांसाठी 6 कोटी डॉलर. पिचर जेफ्री स्प्रिंग्ज ट्रेडमधून, म्हणजे दुसऱ्या संघाशी झालेल्या खेळाडूंच्या अदलाबदलीतून आला. सेव्हरिनोने त्याच्या आधीच्या संघाची, मेट्सची, 2.105 कोटी डॉलरची क्वालिफाइंग ऑफर (ठरलेल्या रकमेचा एका वर्षाचा करार) नाकारली होती, त्यामुळे त्याला घेताना ए'जना ड्राफ्टमधली (नवे खेळाडू निवडण्याची वार्षिक प्रक्रिया) एक निवडही गमवावी लागली. हा भाग बरेच जण विसरतात.

ए'जनी सोडलेलं ओकलंड कोलिसियम 1966 चं. मैदान समुद्रसपाटीखाली, त्यामुळे सांडपाणी उलटं येण्याचे प्रकार झाले. 2013 मध्ये तर सामना खेळणाऱ्या दोन्ही संघांना तिथल्याच फुटबॉल संघाची लॉकर रूम वापरावी लागली. ए'जचा तिथला शेवटचा सामना 26 सप्टेंबर 2024 ला झाला.

पण ए'ज आता जिथे खेळतात ते वेस्ट सॅक्रामेंटोचं सटर हेल्थ पार्कही मायनर लीगचं (खालच्या स्तराच्या लीगचं), जेमतेम 14,000 प्रेक्षकांचं. तिथे क्लबहाउस (खेळाडूंच्या खोल्या) आउटफिल्डपलीकडे, म्हणजे मैदानाच्या दूरच्या टोकापलीकडे आहे, डगआउटला (सामन्यात खेळाडू बसतात ती जागा) जोडलेलं नाही. पिंच हिटरला (बदली फलंदाजाला) सामन्यादरम्यान गुपचूप आत जाऊन सराव करता येत नाही. माझ्या मते फ्री एजंटला (करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूला) पटवताना पैशाइतकीच ही अडचण मोठी आहे.