४ वर्षांची मुलगी आणि सत्तरीतल्या सासूबाई सोबत असताना स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राउयोखचं बर्फातलं रेल्वे स्टेशन करावं की मेन्लिखन डोंगराची गोंडोला (केबलकार)? खर्च किती येतो?

मेन्लिखन. डोळे झाकून.

तुम्ही प्रश्नात लिहिलंय ना, "एवढ्या लांब येऊन टॉप ऑफ युरोप (म्हणजे युंगफ्राउयोख) सोडलं तर लोक काय म्हणतील", तेच वाचून लिहायला बसले, कारण आमच्या घरात हा वाद अजून दर दिवाळीला निघतो.

आम्ही झुरिकजवळ राहतो. एका जुलैमध्ये सासूबाई आणि मोठे दीर-जाऊबाई त्यांच्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आले होते. भावोजींचा एकच हेका, युंगफ्राउयोख, ३,४५४ मीटर. इकडे सासूबाईंना दोन जिने चढले की धाप लागते, आणि एवढ्या उंचीवर विरळ हवेने धडधाकट माणसाचंही डोकं धरतं, लहान पोराला तर काय होतंय ते सांगताही येत नाही. मी अडूनच बसले. शेवटी ग्रिंडेलवाल्ड टर्मिनलला, दोन्ही गोंडोला तिथूनच सुटतात, भावोजी, जाऊबाई आणि माझा नवरा युंगफ्राउयोखच्या बाजूला जाणाऱ्या आयगर एक्सप्रेस गोंडोलाच्या रांगेत गेले आणि मी सासूबाई, माझी लेक आणि पुतण्याला घेऊन मेन्लिखनच्या. वरचं स्टेशन साधारण २,२२५ मीटरवर. दहा जणांची केबिन, आत आम्ही चौघंच, खाली हिरवी कुरणं आणि गाईंच्या घंटांचा आवाज थेट वर येत होता. सासूबाईंचं माहेर शेतकऱ्याचं, त्या सगळा वेळ "एवढ्या उतारावर गुरं घसरत कशी नाहीत गं" करत काचेला चिकटलेल्या. वर पोरांसाठी खेळायची जागा आहे, मोठी लाकडी गाय, घसरगुंडी, तिथून दोघं हलायला तयार नाहीत. आणि बाकावर बसल्या जागी आयगर, म्योंख, युंगफ्राउ तिन्ही शिखरं ओळीत समोर! सासूबाईंनी दशमी-चटणी तिथेच खाल्ली, मग क्लाइन शाइडेकच्या वाटेवर थोडं चालूनही आल्या, घरच्या अंगणात चालाव्यात तशा.

रात्री भावोजी म्हणाले, "आईला खरं स्वित्झर्लंड दाखवलंच नाहीस." अलेच ही आल्प्समधली सगळ्यात मोठी हिमनदी, ती वरून बघणं ग्रेटच आहे, नवरापण अजून त्याबद्दल बोलतो. पण आई त्या दिवशी पोटभर हसल्या-बोलल्या, पुतण्या रडला नाही, कोणी आजारी पडलं नाही. सत्तरीतल्या बाईने उंचीचा आकडा गाठायचा तो कोणासाठी, याचं उत्तर भावोजींनी आजवर दिलेलं नाही.

आता तुमचं. ६ वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, मोठ्यांनी हाफ फेअर कार्ड (सवलतीचं कार्ड) काढलं तर बरंच कमी पडतं, नेमका दर त्या सीझनचा बघा. सकाळी वेबकॅम बघूनच निघा. केबिन स्टेशनात पूर्ण थांबत नाही, हळू सरकत असते, त्यामुळे आधी सासूबाईंना हाताला धरून बसवा, मग मुलगी. कानात दडे बसतात, पोरीला घोटघोट पाणी पाजत राहा. जुलै असला तरी जॅकेट हवंच.

आणि हो, सासूबाईंना हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर मेन्लिखनलाही डॉक्टरांना विचारूनच न्या. जोराचा वारा सुटला की गोंडोला बंद ठेवतात, दोन सीझनच्या मधल्या काळातही देखभालीसाठी काही आठवडे बंद असते, तेव्हा हॉटेल बुक करायच्या आधी तारखा तपासा.